जोर न लावता

डॉक्टरांनी रबरी हातमोज्यात बर्फाचे खडे भरले, तोंडाशी गाठ मारली आणि तो माझ्या उजव्या डोळ्यावर धरायला सांगितला. मी धरून बसले. गार पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. थोड्या वेळानं त्यांनी मोजा बाजूला केला, माझ्याकडे निरखून पाहिलं आणि माझ्या नवऱ्याला, श्रीकांतला म्हणाल्या, "बघा, डोळा उघडला."

दोन-तीन महिने अर्धी मिटलेली पापणी वर गेली होती. मला आनंद झाला. बर्फानं बरं होणारं दुखणं असेल, तर त्यासाठी भोरहून पुण्याला उगाचच आलो असं वाटलं. डॉक्टर मात्र हसल्या नाहीत. खुर्ची पुढे ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "रक्ताची आणि नसांची तपासणी करू, पण मला फारशी शंका नाही. हा मायस्थेनिया ग्रेव्हिस आहे."

मी स्वतः जनावरांची डॉक्टर आहे. नाव कानावरून गेलं होतं. परीक्षेपुरतं वाचलं होतं आणि विसरून गेले होते.

ज्यांनी हे नाव आज पहिल्यांदा ऐकलंय, त्यांच्यासाठी सांगते. हात उचलायचा म्हटलं, की मेंदूचा निरोप नसेतून स्नायूपर्यंत जातो. स्नायूच्या दारात तो निरोप घेणाऱ्या जागा असतात. या आजारात शरीर स्वतःच त्या जागा अडवून बसतं. स्नायू धडधाकट, नस धडधाकट, पण निरोप पोहोचत नाही. आणि जितकं जास्त वापराल तितका स्नायू लवकर थकतो. थांबलात, की थोडं परत येतं, बर्फाच्या गारव्यानंही घटकाभर येतं. डॉक्टर एवढंच म्हणाल्या, "तुम्हाला आता थांबायला शिकावं लागेल." औषधाच्या चिठ्ठीवर हे कुठे लिहिलेलं नव्हतं, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही.

सुरुवात उन्हाळ्यात झाली होती. भोरच्या दवाखान्याबरोबर वेल्हे भागातल्या एका दवाखान्याचाही भार माझ्याकडे होता, कारण तिथली जागा बरेच दिवस रिकामी होती. पावसाळ्याआधी शेळ्यामेंढ्यांना आंत्रविषाराची लस टोचायची असते. वरच्या वाड्यांवर गाडी जात नाही तिथं मी चालत जायची. एका धनगरवाड्यावर मेंढरं टोचता टोचता मला एकाच्या जागी दोन मेंढ्या दिसायला लागल्या. ऊन लागलं असेल म्हणून पाणी प्यायले आणि काम पुरं केलं.

मग केस विंचरताना हात खाली यायला लागले. भाकरी चावताना जबडा दमायचा, हनुवटीखाली हात धरून चावायला लागायचं. सकाळी मी ठणठणीत असायची आणि संध्याकाळी माझे शब्द नाकातून यायचे. एकदा मी फोनवर बोलत असताना पलीकडच्या माणसानं विचारलं, "मॅडम, रडताय का?" भोरमध्ये डोळे तपासले, चष्मा मिळाला. अशक्तपणाच्या गोळ्या झाल्या, मानेचा फोटो झाला. श्रीकांत कोर्टात कारकून आहे, दिवसभर माणसांच्या तक्रारी ऐकतो. त्याला वाटायचं मी कशावर तरी रुसलेय, कारण मी हसले तरी माझा चेहरा हसायचा नाही. गालाचे स्नायूही दमले होते, हे आम्हाला नंतर कळलं.

पुण्यात तपासण्या झाल्या. रिपिटेटिव्ह नर्व्ह स्टिम्युलेशन म्हणजे नसेला पुन्हा पुन्हा विजेचा हलका झटका देऊन स्नायूचं उत्तर बघायचं. पडद्यावरची रेघ प्रत्येक झटक्याला लहान होत गेली. निरोप कमी पडत होता, ते मला दिसत होतं. मग छातीचा सीटी स्कॅन झाला. छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते, या आजारात कधी कधी तिथं गाठ सापडते. माझ्यात ती नव्हती. त्या दिवशी आम्ही दोघांनी हॉस्पिटलच्या बाहेर उभ्यानं चहा घेतला.

गोळ्या सुरू झाल्या. पायरिडोस्टिग्मिन म्हणजे निरोप थोडा जास्त वेळ टिकवणारं औषध. याच जातीचं इंजेक्शन मी पोट बंद पडलेल्या गाईम्हशींना कित्येकदा टोचलेलं आहे. गोळी घेतल्यावर अर्ध्यापाऊण तासात माझ्या तोंडात शब्द नीट यायचे. मला वाटलं, झालं, सुटले. मी पुन्हा गाडीवर बसले. गोळीचा असर उतरायला लागला, की पुढची गोळी घ्यायची आणि पुढच्या गावाला जायचं. सोबतच्या स्टेरॉइडनं चेहरा सुजला होता, साखर वाढली होती. ते सगळं खिशात घालून मी हिंडत होते.

दिवाळीनंतर साधी सर्दी झाली. त्या दुपारी दवाखान्यात बसल्या बसल्या मला थुंकी गिळता येईना. मान पुढे पडत होती. खोकायला गेले तर खोकल्यात जोरच नव्हता. श्रीकांत कोर्टातून आला आणि शेजाऱ्याच्या गाडीत मला मागच्या सीटवर टेकवलं. नसरापूर मागे गेलं तेव्हा मला हायवेवरचे ट्रक दुप्पट दिसत होते. श्रीकांत म्हणत होता, "बोल ना काहीतरी." मला बोलायचं नव्हतं असं नाही. बोललं तर श्वासाला काही उरणार नाही, एवढं मला कळत होतं.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टर म्हणाल्या, "एका श्वासात जेवढं मोजता येईल तेवढं मोठ्यानं मोजा." 'चार' म्हणतानाच माझा श्वास संपला. याला मायस्थेनिक क्रायसिस म्हणतात. श्वासाचे स्नायूच दमतात. घशात नळी घालून व्हेंटिलेटर लावला. पुढचे दिवस मला तुकड्यातुकड्यांनी आठवतात. छताचे चौकोन, हाताला लावलेली इम्युनोग्लोब्युलिनची बाटली, म्हणजे दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेली प्रथिनं. शुद्ध पूर्ण होती, हे सगळ्यात वाईट. मी यंत्राशी भांडत होते. ते हवा आत ढकलायचं तेव्हा मी बाहेर ढकलायची, आणि घंटी वाजायची. एक नर्स माझ्या कपाळावर हात ठेवून म्हणायची, "काकू, तुम्ही नका घेऊ श्वास. त्याला घेऊ द्या." माझ्या आयुष्यात मला कुणी असं सांगितलं नव्हतं. मला ते जमायला फार वेळ लागला.

नळी निघाल्यावर मला वॉर्डात आणलं. शेजारच्या खाटेवर वसुधाताई होत्या. सत्तरीच्या आसपास, पांढरे आखूड केस. त्यांना हाच आजार होता, पण फार वर्षांपासून, आणि त्या ठरावीक काळानं बाटल्या लावून घ्यायला येत. पूर्वी त्या नवऱ्याच्या नोकरीमुळे चीनमध्ये राहिल्या होत्या. तिथं शेजारच्या एका म्हाताऱ्या बाईंबरोबर सकाळी बागेत संथ व्यायाम करायला जायच्या आणि त्या बाईंकडून त्यांनी ताओ विचार ऐकला होता. ताओ म्हणजे वाट, त्यांनी मला सांगितलं. वस्तू आपल्या आपण ज्या रीतीनं चालतात ती वाट.

त्यांचं बोलणं ऐकायला धीर लागायचा. दोन वाक्यं बोलून त्या डोळे मिटायच्या. पुढचं वाक्य कधी चहानंतर यायचं, कधी दुसऱ्या दिवशी.

पहिल्या दिवशी मी मऊ भात गिळायची झटापट करत होते. घामेघूम झाले होते. त्या बघत होत्या.

"घासाशी भांडू नकोस गं," त्या म्हणाल्या. "चमचा खाली ठेव. तोंडात असू दे. घसा तयार झाला की तो आपणहून घेईल."

मी चमचा खाली ठेवला. वाट पाहिली. घास गेला. त्या वाडग्याला अख्खा तास लागला असेल, पण ठसका लागला नाही.

मग त्यांनी मला एक शब्द सांगितला, वू वेई. शब्दशः अर्थ, न करणं. "पण आळस नव्हे," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. जेवणाची ताटं उचलून नेली गेली, तेव्हा त्यांनी वाक्य पूर्ण केलं. "जोर न लावता करणं. जिथं आपली गरज नाही तिथून हात काढून घेणं."

मला राग आला. खोटं कशाला सांगू. अंगात होतं तेवढं त्राण राग यायला पुरेसं होतं. मी म्हणाले, "ताई, तुम्हाला ठीक आहे. माझ्याकडे दोन दवाखाने आहेत, घर आहे, मुलगी नाशिकला शिकतेय. मी हात काढला तर तिथं कोण घालणार? आणि मी काही निवडलेलं नाही हे. मला जमतच नाहीये. त्याला तत्त्वज्ञान म्हणायचं का?"

वसुधाताईंनी कूस बदलली. मला वाटलं, दुखावल्या. संध्याकाळी त्यांची मुलगी भेटून गेल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. "मीही निवडलं नव्हतं. सुटत गेलं. आधी चीड आली, मग खूप दिवस नुसती दमलेली होते. मग एक दिवस लक्षात आलं, की जे सुटलं त्यातलं अर्धं कुणाला नकोच होतं." त्यांनी डोळे मिटले आणि मिटलेल्या डोळ्यांनीच म्हणाल्या, "उरलेल्या अर्ध्याचं वाईट वाटतं. अजून वाटतं."

हे शेवटचं त्या बोलल्या नसत्या, तर मी त्यांचं काहीच ऐकलं नसतं.

घरी आले तेव्हा थंडी होती. सांगायला सोपं वाटतं की विश्रांती घेतली. विश्रांती हे फार कंटाळवाणं काम आहे. मी खाटेवरून श्रीकांतला सूचना द्यायची. फोडणी जळतेय, मीठ आधी नको, दुधाचं पातेलं बाहेरच्या बाजूला ठेव. दुपारपर्यंत माझा आवाज जायचा. एके दिवशी तो पळी हातात घेऊन दारात आला आणि शांतपणे म्हणाला, "सुनंदा, तू सांगू नकोस. आमटी बिघडली तर बिघडू दे. तू जेवढं बोलतेस तेवढं संध्याकाळी तुला गिळता येत नाही. मला ते बघवत नाही."

आमटी बिघडली. नंतरही बरेच दिवस बिघडत होती. आम्ही ती जेवलो. मी पडल्या पडल्या भांड्यांचे आवाज ऐकायची आणि जिभेवर आलेलं वाक्य परत ठेवून द्यायची. काम टाकणं मला जमलं होतं, कारण दुसरा इलाज नव्हता. त्या कामावरची नजर काढून घेणं मात्र मला मुद्दाम शिकावं लागलं. मला वाटतं, वसुधाताई म्हणत होत्या ते या ठिकाणी सुरू होतं.

थोडी ताकद आल्यावर श्रीकांत मला रविवारी बाहेर नेई. कधी भाटघरच्या पाण्याकडे, कधी आंबवड्याला देवळापर्यंत. मी पायऱ्या उतरायची नाही, वरच कट्ट्यावर बसायची. पहिल्यांदा मला लाज वाटली. ओळखीची माणसं विचारायची, "मॅडम, आज सुट्टी?" काय सांगायचं. हळूहळू मी "हो" म्हणायला लागले.

होळीनंतर मी अर्धा दिवस कामावर जायला लागले. फक्त भोरचा दवाखाना, खुर्चीवर बसून. वेल्ह्याचा भार एका तरुण डॉक्टरकडे गेला. त्याची पद्धत माझ्याहून वेगळी होती. मी त्याला फोन केला नाही. मला हे लिहिताना अजून थोडा अभिमान वाटतो.

पण त्या पावसाळ्याच्या अखेरीस एका रविवारी सकाळी ठकूबाईचा फोन आला. ठकूबाई वरच्या धनगरवाड्यावर राहते, आमची बरीच जुनी ओळख. तिच्याकडे शेळ्या आहेत आणि दोन म्हशी.

"म्याडम, म्हस अडलीया. ते नवं डाक्टर फोन उचलत न्हाईत, तिकडं रेंज नसंल. तुमी या म्हणत न्हाई मी. निस्तं सांगा काय करू."

फोनवर सांगून भागेना. श्रीकांत माझ्या तोंडाकडे बघत होता. "आता रस्ता वाड्यापर्यंत झालाय," तो म्हणाला, "मी गाडी चालवतो. पण ओढाओढी तू करायची नाहीस." मी गोळी घेतली आणि निघालो.

गोठ्याबाहेर म्हैस अस्वस्थ उभी होती. ठकूबाईचा नवरा आणि दीर दोर घेऊन तयार होते. पाण्याची पिशवी फुटली होती, खुरं दिसत होती. मी लांब मोजा घातला आणि स्टुलावर बसून हात आत घातला. पुढचे दोन्ही पाय सरळ, डोकं त्यांच्यावर टेकलेलं. बोट लावल्यावर रेडकानं जीभ हलवली. सगळं नीट होतं, फक्त वाट अजून पुरती मोकळी झाली नव्हती.

हात बाहेर काढला आणि तो मांडीवर टेकवून ठेवावा लागला.

"वडू का?" दीर म्हणाला.

आजारी पडण्यापूर्वी मी काय केलं असतं ते मला माहीत आहे. पुढे आणखी दोन गावं असायची, घड्याळ असायचं. मी दोर लावून ओढायला सांगितलं असतं. बहुतेक वेळा निभावलं असतं, कधी म्हैस आतून फाटली असती. आता मी म्हणाले, "नाही. थांबू या."

म्हटलं आणि लगेच स्वतःला विचारलं. हा निर्णय डॉक्टरचा होता, की ज्या हातात ओढायची ताकद नाही त्या हाताचा? थांबणं चुकलं, तर रेडकू आत गुदमरणार. वू वेई वगैरे शब्द तेव्हा माझ्या डोक्यात नव्हते. मी मनात पुन्हा तपासलं. पाय सरळ, डोकं सरळ, जीभ हलतेय, म्हैस दमलेली नाही. मी फक्त म्हशीकडे बघून ठरवलं असतं तरी हेच ठरवलं असतं.

"त्या शेळ्या आणि कुत्रं लांब न्या," मी म्हणाले, "आणि तुम्हीही बाजूला व्हा. तिच्याभोवती गर्दी नको."

"आन् आमी काय करायचं?" ठकूबाईच्या नवऱ्यानं विचारलं.

"काही नाही."

"म्याडम म्हणत्यात तर बसा की," ठकूबाई त्याला म्हणाली. "लई घाई हाय व्हय तुमास्नी?"

आम्ही भिंतीशी बसलो. अधूनमधून मी उठून हात घालून बघायची आणि परत बसायची. दीर दोर हातातून सोडत नव्हता. बऱ्याच वेळानं म्हैस खाली बसली, पुन्हा उठली, दुसऱ्या कुशीवर बसली. मग तिनं जोर केला, तिचा स्वतःचा. रेडकाचं कपाळ दिसलं. मी फक्त वाटेची कड बोटांनी सैल करत राहिले. शेवटी ठकूबाई आणि तिचा दीर नुसते झेलायला होते. रेडी होती. नाकातला चिकटा काढल्यावर शिंकली.

ठकूबाईनं माझे हात धुवायला पाणी ओतलं. माझ्याच्यानं बोटं मिटवत नव्हती, तेव्हा तिनं साबण लावला, एकेक बोट चोळून धुतलं. गाडीत मी झोपून गेले. पुढचा आख्खा आठवडा मला त्या एका फेरीचा थकवा पुरला. कट्ट्यावरही गेले नाही. श्रीकांत रागावला नाही, पण "पुन्हा नको" म्हणाला, आणि मी मान हलवली.

या गोष्टीवरून कुणी असं समजू नये, की थांबलं की सगळं सुरळीत होतं. रेडकू आडवं असतं तर थांबून काहीच झालं नसतं. गोळ्या, रक्ततपासण्या, बाटल्या आणि त्या नर्सचा कपाळावरचा हात नसता, तर मी आज हे लिहायला नसते. तुमच्या घरी कुणाची पापणी संध्याकाळी उतरत असेल, जेवताना जबडा दमत असेल, तर ते उन्हावर किंवा रागावर ढकलू नका. मेंदू आणि नसांच्या डॉक्टरांना दाखवा. श्वास कमी पडतोय असं वाटलं तर तिथं मात्र एक क्षण थांबू नका.

बाकीचं माझ्यापुरतं सांगते. मी बरी झालेली नाही, सांभाळून आहे. वसुधाताईंना अधूनमधून फोन करते. आम्ही थोडं बोलतो आणि मग दोघी फोन धरून गप्प राहतो, ठेवायची घाई नसते. पूर्वी माझा दिवस किती झालं यावर भरायचा आणि तरी रात्री अपुरा वाटायचा. आता त्यात फार थोडं असतं. सकाळचा दवाखाना, दुपारची झोप, श्रीकांतच्या हातची भाजी, जी आता चांगली होते. दमलेली मी रोजच असते. पण त्या दमण्याला कुणाचा तगादा नाही, आणि तेवढं मला पुरतं. समाधान म्हणजे काहीतरी मोठं, उजळ असेल असं वाटायचं. माझं फिकं आहे. आहे मात्र.

परवा बाजाराच्या दिवशी ठकूबाई भोरला आली होती. वाड्याकडे जाणारी यष्टी सुटायला वेळ होता, म्हणून घरी डोकावली. मी मागच्या दारी खुर्चीत बसले होते. उठायला लागले तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, च्या नको मला." मग विचारलं, "काय करत हुता?"

"काही नाही गं. बसलेय."

"बरं हाय," ती म्हणाली. पिशवी भिंतीला टेकवली, पदरानं पायरी झटकली आणि माझ्या शेजारी बसली. यष्टीची वेळ होईपर्यंत आम्ही दोघी तशाच बसून होतो.